सत्त्व तळाला बसतं, मग वरच्या पाण्यात काय राहतं?

या महिन्यात पत्रं आणि मेसेज मिळून सगळ्यात जास्त प्रश्न गुळवेलीवर आलेत. कारण उघड आहे, पाऊस पडला की कुंपणावरची वेल नुसती सुटते आणि मग घरात कोणीतरी म्हणतंच की अरे एवढी माजलीये तर हिचं काहीतरी करूया. पाच पत्रं घेतलीयेत. पहिली दोन अगदी वेगळ्या जगातली आहेत, एक स्वयंपाकघरातलं आणि एक लॅबमधलं, पण मला दोघींचा प्रश्न एकच वाटला म्हणून पाठोपाठ ठेवली. दुसरं वाचणाऱ्यांनी पहिलं सोडू नका, पुढे त्याचा संदर्भ लागणार आहे.

प्रश्न : ताई, आमच्या आगरात आंब्यावर जुनी गुळवेल आहे. सासूबाई करायच्या तसंच मी दरवर्षी सत्त्व काढते. दोन-तीन किलो कांडी चेचली तरी मूठभरच निघतं आणि रंग जरा मळकट येतो. बाजारात मात्र पांढरंशुभ्र मिळतं आणि स्वस्तही असतं. माझं काही चुकतं का? आणि वरचं पाणी मी ओतून देते, त्यात काही चांगलं जातं का? मुलगी म्हणते की सगळे अँटिऑक्सिडंट तू मोरीत घालवतेस. — गृहिणी, गुहागर

वहिनी, तुमचं काही चुकत नाहीये, आणि मुलगी म्हणते त्यात थोडं तथ्य आहे पण मोरीपुरतं, त्यावर येतेच.

आधी सत्त्व म्हणजे काय ते बघू. तुम्ही कांड्याची कागदासारखी पातळ साल नखाने किंवा सुरीने खरवडता, कांडं खलबत्त्यात चेचता, भिजत घालता, मग हाताने कुस्करून मलमलच्या फडक्यातून गाळता आणि पातेलं अजिबात न हलवता ठेवून देता. काही तासांनी तळाला पांढरा थर बसतो, वरचं निवळ हळूच ओतायचं, पुन्हा स्वच्छ पाणी घालायचं, पुन्हा बसू द्यायचं, शेवटी ताटात पसरून वाळवायचं. हा पांढरा थर बहुतेक सगळा स्टार्च असतो. नाचणीचं सत्त्व काढताना जे घडतं तेच इथे घडतं, तवकिलीचंही तेच. स्टार्चचे बारीक बारीक कण असतात, ते थंड पाण्यात विरघळत नाहीत आणि पाण्यापेक्षा जड असतात म्हणून खाली बसतात, एवढंच त्याचं गुपित आहे. आपल्या आज्यांनी कुठल्या लॅबशिवाय पॉलिसॅकराइड वेगळं काढायची ही पद्धत बसवली याचं मला अजून कौतुक वाटतं, कारण स्टार्च हा पण एक पॉलिसॅकराइडच आहे.

पॉलिसॅकराइड हा शब्द अवघड आहे पण वस्तू ओळखीची आहे. साखरेचे मणी ओवून केलेली लांबच लांब माळ. मणी ग्लुकोजचे असले आणि विशिष्ट तऱ्हेने ओवलेले असले की स्टार्च होतो, मणी बदलले, मधे फांद्या फुटल्या की वेगळी वस्तू होते. भेंडी चिरताना सुरीला जो तार येतो तो पॉलिसॅकराइड, कोरफडीचा बुळबुळीत गर, इसबगोल पाण्यात फुगतो, जॅम घट्ट होतो ते पेक्टिन, ही सगळी एकाच खानदानातली मंडळी. यातली बरीच पाण्यात विरघळतात किंवा फुगून पाण्यातच राहतात, खाली बसत नाहीत.

तर तुम्ही जे पाणी ओतून देता त्यात गुळवेलीचा कडूपणा असतो, पिवळी अल्कलॉइड असतात, फिनॉल गटातली द्रव्यं असतात (मुलगी म्हणते ते अँटिऑक्सिडंट बहुतेक हेच), साधी साखर असते, आणि न बसणारे हे विरघळणारे पॉलिसॅकराइडही असतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये गुळवेलीतल्या ज्या अरॅबिनोगॅलॅक्टनवर काम छापलं तो याच विरघळणाऱ्या गटातला, त्याचा रोगप्रतिकारक पेशींवर काय परिणाम होतो ते त्यांनी तपासलं होतं. म्हणजे सत्त्व काढणारी बाई तळ ठेवते आणि पाणी टाकते, संशोधक पाणी ठेवतो आणि तळ टाकतो. पण म्हणून ते पाणी उद्यापासून प्यायला सुरुवात करू नका हं. कुस्करलेल्या कांड्याचं पाणी आपल्याकडच्या हवेत सकाळचं संध्याकाळपर्यंत आंबायला लागतं, आणि त्यात नुसते पॉलिसॅकराइड नाहीत, बाकीचं सगळं पण आहे. झाडाच्या मुळाशी ओता, काही वाया जात नाही.

मळकट रंगाचं म्हणाल तर सालीचा थोडा अंश आणि ती पिवळी द्रव्यं कितीही धुतलं तरी स्टार्चला चिकटून राहतात. खूप पांढरं आणि खूप स्वस्त असेल तर मला उलट शंका येते. गुळवेल सत्त्वात मक्याचा, बटाट्याचा किंवा आरारूटचा स्टार्च मिसळणं हा जुना धंदा आहे. आयोडीन टाकून तो पकडता येत नाही कारण आयोडीन सगळ्याच स्टार्चला निळं करतं. मायक्रोस्कोपखाली मात्र कळतं, बटाट्याचे कण मोठे, अंड्यासारखे, एका कडेला केंद्र असलेल्या वलयांचे दिसतात आणि मक्याचे कोनाकोनाचे. मुलगी सायन्सला असेल तर कॉलेजमध्ये चिमूटभर घेऊन जायला सांगा, दहा मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : मॅडम, मी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. डिझर्टेशनचा विषय आहे गुळवेलीतून अँटिऑक्सिडंट पॉलिसॅकराइड काढणे. सुकवून दळलेली १०० ग्रॅम पावडर २ लिटर पाण्यात ९० अंशावर २ तास ठेवली, गाळली, पाण्याच्या चौपट अल्कोहोल घातलं, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून खाली बसलेलं सेंट्रिफ्यूज करून सुकवलं. १६ ग्रॅम तपकिरी पावडर आली. अँटिऑक्सिडंट ताकद मोजायची डीपीपीएच टेस्ट छान आली. मला वाटलं झालं काम, पण गाइड सर म्हणाले हे पॉलिसॅकराइड आहे कशावरून, आणि असलं तरी अँटिऑक्सिडंट तेच आहे कशावरून? सबमिशनला दोन महिने आहेत. सगळं परत करावं लागेल का? — विद्यार्थिनी, चिपळूण

सर बरोबर विचारतायत, आणि मला आनंद झाला की कोणीतरी सबमिशनच्या आधी विचारतंय, कारण नंतर विचारणारे फार असतात.

आज लॅबमध्ये गेलीस की पहिलं काम, तुझी तपकिरी पावडर चिमूटभर पाण्यात घे, गरम करून थंड कर आणि आयोडीनचा एक थेंब टाक. माझा अंदाज आहे की गडद निळं होईल. वरच्या वहिनींचं पत्र वाच म्हणजे का ते कळेल. थंड पाण्यात स्टार्च खाली बसतो, पण ९० अंशावर तो फुगतो, फुटतो आणि त्याची खळ होते, आणि खळ गाळणीतून तुझ्या अर्काबरोबर खाली येते. मग अल्कोहोल घातलं की स्टार्च सगळ्यांच्या आधी खाली बसतो. गुळवेलीच्या कांड्यात स्टार्च भरपूर, म्हणून १६ ग्रॅम. एवढा यील्ड बघून खूश व्हायचं नसतं, घाबरायचं असतं. स्टार्च हा पॉलिसॅकराइड आहे हे खरं, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या तू खोटं लिहीत नाहीयेस, पण अँटिऑक्सिडंट ज्या उपद्रवी रेणूंना थोपवतात त्या फ्री रॅडिकलला शुद्ध स्टार्च जवळजवळ काहीच करत नाही, मग तुझी डीपीपीएच टेस्ट छान आली ती कुणामुळे? तपकिरी रंगामुळे. म्हणजे त्या रंगात जे बसलंय त्याच्यामुळे, फिनॉल, टॅनिन, थोडी प्रोटीन, आणि दोन तास गरम ठेवताना साखर-प्रोटीन एकत्र तापून होणारं तपकिरी द्रव्य. थोडक्यात, वजन स्टार्चने वाढवलं आणि ताकद फिनॉलने, आणि नाव मिळालं अरॅबिनोगॅलॅक्टनला. ही चूक तुझी एकटीची नाही, छापून आलेल्या कितीतरी पेपरांत ती तशीच बसलेली असते, मी स्वतः जुन्या काळात एका विद्यार्थ्याचा असा प्रबंध पास केलाय आणि आजही तो आठवला की कसंतरी होतं.

सगळं परत करावं लागेल का, तर हो, पण दोन महिने पुरतात. वेल पण फुकट आहे, तिला छिन्नरुहा म्हणतात ते उगाच नाही, कापली की परत येते.

पावडर आधी ८० टक्के अल्कोहोलमध्ये गरम करून दोनदा धुऊन घे, सॉक्सलेट (तेच अल्कोहोल पुन्हा पुन्हा फिरवून धुणारं काचेचं उपकरण) असेल तर उत्तम, नसेल तर फ्लास्क आणि कंडेन्सर चालतो. याने मेण, क्लोरोफिल, सुटी साखर, पाल्माटीनसारखी पिवळी अल्कलॉइड आणि सुटे फिनॉल बरेचसे निघून जातात, आणि पॉलिसॅकराइड अल्कोहोलमध्ये विरघळत नाहीत म्हणून पावडरमध्येच राहतात. ही पायरी वेळ वाचवायला गाळतात आणि मग पुढे सगळं रडगाणं. उरलेला चोथा हवेवर सुकव, पण आत्ता पावसाळ्यात पडवीत सुकवू नकोस, दोन दिवसांत बुरशी येते आणि बुरशीचे स्वतःचे पॉलिसॅकराइड असतात ते तुझ्या यील्डमध्ये मोजले जातील. ओव्हनमध्ये ५० अंशावर.

आता पाणी. एक भाग थंड पाण्यात रात्रभर फ्रीजमध्ये भिजवून काढ, स्टार्च त्यात फार येणार नाही, जो येईल तो सेंट्रिफ्यूजमध्ये खाली जाईल. दुसरा भाग तुझ्याच पद्धतीने गरम पाण्यात काढ पण मग त्यात अल्फा-अमायलेज हे स्टार्च तोडणारं एन्झाइम घाल, उष्णता सहन करणारं मिळतं ते ९० अंशाच्या आसपास काम करतं, नंतर ६० अंशाला उतरवून आंबट पीएचला अमायलोग्लुकोसिडेज. थोड्या थोड्या वेळाने थेंब काढून आयोडीनने बघायचं, निळा, मग जांभळट, मग लालसर, मग नुसता आयोडीनचाच पिवळा राहिला की स्टार्च संपला. त्याचं ग्लुकोज झालेलं असतं ते पुढे धुऊन जातं. एक अडचण सांगून ठेवते, गुळवेलीत विरघळणारं अल्फा-ग्लुकन (तीही स्टार्चसारखी ग्लुकोजच्या मण्यांचीच माळ) पण सापडलंय आणि अमायलेजला त्याच्यात आणि स्टार्चमध्ये फरक कळत नाही, तो त्यालाही खाईल. म्हणूनच थंड पाण्याचा भाग वेगळा ठेवायचा आणि दोन्हींची तुलना करायची. व्हायव्हाला हा प्रश्न आला तर तू तयार असशील.

२ लिटर अर्कात चौपट अल्कोहोल म्हणजे ८ लिटर, कुठल्या कॉलेजला परवडतं? आधी रोटरी इव्हॅपोरेटरवर कमी तापमानाला आटवून २०० मिली कर म्हणजे ८०० मिलीत काम होतं. ९५ टक्के अल्कोहोल चौपट घातलं की मिश्रणात साधारण ७६ टक्के होतं, तेवढं हवंच. एक शेजारची गोष्ट, अल्कोहोलचा परमिट कॉलेजच्या नावावर असतो आणि स्टॉक रजिस्टरवर मिलिलिटरचा हिशोब लागतो, लॅब असिस्टंटशी आत्ताच गोड बोलून ठेव, शेवटच्या आठवड्यात ते रजेवर असतात.

अल्कोहोल घालताना मात्र मोबाईल बाजूला ठेव आणि बघ. एकदम ओतायचं नाही, बीकर ढवळत ढवळत बारीक धारेने. सुरुवातीला काही होत नाही, मग धार पडते तिथे दुधाळ ढग येतो आणि ढवळला की नाहीसा होतो, मग ढग टिकायला लागतो, आणि एका क्षणी सगळं बीकर धुरकट होऊन त्यातून पांढरे दोरे सुटतात, काचेच्या कांडीला शेवयांसारखे गुंडाळले जातात. चिकट पेक्टिनसारखं असेल तर दोरे, फांद्यांचं लहान असेल तर नुसता बारीक गाळ. हे दिसणं पण वहीत लिही, त्यावरून माळ किती लांब आहे याचा अंदाज येतो. माझ्या मते अख्ख्या प्रयोगात हीच एक पाच मिनिटं सुंदर असतात, बाकी सगळी भांडी घासणं.

प्रोटीन काढायला पेपरांत सेवाग पद्धत असते, क्लोरोफॉर्म आणि ब्युटॅनॉल ४ ला १ मिसळून अर्काबरोबर जोरात हलवायचं, दोन थरांच्या मधे सायीसारखा पांढरा पडदा येतो तो प्रोटीनचा, तो टाकायचा, आणि पडदा येणं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा. फ्युम हूड चालू असेल तरच कर. आमच्या वेळी खिडकी उघडून करायचो आणि डोकं धरून घरी जायचो, ते शौर्य नव्हतं, अडाणीपणा होता. पपईचं पपेन वापरूनही प्रोटीन तोडता येतं, ते सौम्य आहे, पण मग पपेन स्वतः प्रोटीन आहे ते उकळून, त्याचा साका करून काढावं लागतं.

आणि डायलिसिस. पडद्याच्या पिशवीत अर्क भरून डिस्टिल्ड वॉटरच्या बादलीत टांगायचा, लहान रेणू बाहेर जातात, मोठे आत राहतात. पिशवी काठोकाठ भरू नकोस, आत पाणी ओढलं जातं आणि ती फुगते, एक तृतीयांश रिकामी ठेवून गाठ मार. पाणी दिवसातून तीनदा बदल, दोन दिवस तरी, आणि फ्रीजमध्येच. माझ्या हातून एकदा जूनच्या पहिल्या पावसात लाइट गेली ती दोन दिवस आलीच नाही, तिसऱ्या दिवशी फ्रीज उघडला तर आंबलेल्या पेजेचा वास आणि पिशव्या पाठीच्या कण्यासारख्या गाठीगाठीने फुगलेल्या. सहा आठवड्यांचं काम सिंकमध्ये गेलं. आपल्याकडे पाऊस आणि एमएस्सीचं प्रोजेक्ट एकत्र आलं तर जनरेटर असलेली लॅब शोधायची, त्याला लाजायचं नाही. बाहेरच्या पाण्यात साखर येणं थांबलं की थांबायचं आणि मग फ्रीज ड्रायर. आता पावडर तपकिरी न राहता फिकट बदामी किंवा पांढरट आली पाहिजे, आणि १६ ग्रॅमचे एखाद-दोन ग्रॅम झाले तर रडू नकोस.

मग टेस्ट. एकूण साखरेसाठी फिनॉल-सल्फ्युरिक ॲसिड, ही १९५६ पासूनची पद्धत, ४९० नॅनोमीटरला मोजायची. ती सुटी साखर आणि पॉलिसॅकराइड यात फरक करत नाही, म्हणून डायलिसिसच्या आधी केली तर तुझं तुलाच फसवते. प्रोटीन ब्रॅडफर्डने, फिनॉल फोलिन-चिओकाल्ट्यूने. आणि यूव्हीत २०० ते ४०० स्कॅन मार, २६० आणि २८० ला उंचवटा नसला पाहिजे, असला तर न्यूक्लिक ॲसिड किंवा प्रोटीन अजून उरलंय.

डीपीपीएचची तर वेगळीच गंमत आहे. हे जांभळं द्रव्य मिथेनॉलमध्ये घेतात, अँटिऑक्सिडंट भेटला की जांभळ्याचं पिवळं होतं, ५१७ ला मोजायचं, १९५८ पासून लोक करतायत. पण तुझा पॉलिसॅकराइड अल्कोहोलमध्ये विरघळतच नाही, तू स्वतःच तर त्याला अल्कोहोलने खाली पाडलंस! मग टेस्टच्या क्युव्हेटमध्ये घातला की तिथेही तो बसायला लागतो, पाणी गढूळ होतं आणि मशीनला गढूळपणा आणि रंग यातला फरक कळत नाही. म्हणून प्रत्येक मात्रेसाठी डीपीपीएच न घातलेला सॅम्पल ब्लँक ठेव. त्यापेक्षा एबीटीएस ही तसलीच दुसरी टेस्ट कर, ती पाण्यात चालते, ७ मिलिमोलर एबीटीएस आणि २.४५ मिलिमोलर पोटॅशियम परसल्फेट अंधारात रात्रभर ठेवून निळं-हिरवं द्रावण होतं ते ७३४ ला साधारण ०.७० येईपर्यंत पातळ करायचं. तुलनेला व्हिटॅमिन सी घे, आणि ते मायक्रोग्रॅममध्ये जे करतं त्याला पॉलिसॅकराइडला बहुतेक वेळा मिलिग्रॅम लागतात हे आधीच मनाला सांगून ठेव.

सगळ्यात महत्त्वाचं, टेस्ट शेवटच्या पावडरवर एकदाच करून मोकळी होऊ नकोस. प्रत्येक पायरीनंतर थोडा नमुना बाजूला काढ, कच्चा, अल्कोहोलने धुतलेल्या पावडरचा, स्टार्च काढलेला, प्रोटीन काढलेला, डायलिसिस केलेला, आणि सगळ्यांची दर मिलिग्रॅम ताकद आणि दर मिलिग्रॅम फिनॉल शेजारी शेजारी मांड. शुद्ध होत जाताना फिनॉल उतरतोय आणि त्याच्या मागोमाग ताकद उतरतेय तर उत्तर मिळालं, अँटिऑक्सिडंट फिनॉल होता. फिनॉल उतरला पण ताकद टिकली तर पॉलिसॅकराइडमध्ये खरंच काहीतरी आहे, बहुधा युरोनिक ॲसिडचे आम्लधर्मी मणी असतील, ते लोखंड धरून ठेवू शकतात. तिसरी शक्यता म्हणजे कितीही धुतलं तरी फिनॉल जात नाही कारण तो माळेला रासायनिक बंधानेच जोडलेला आहे. नाचणीच्या कोंड्यात असंच असतं, तिथल्या अरॅबिनोझायलनला फेरुलिक ॲसिड पक्कं जोडलेलं असतं, आणि आपण सत्त्व काढताना नेमका तोच चोथा कोंबड्यांना घालतो. तसं निघालं तर तसं लिही, फिनॉल जोडलेला पॉलिसॅकराइड म्हणून. त्यात कमीपणा काही नाही.

आणि ताकद सगळी उतरून शून्याजवळ आली तरी तेच लिहायचं. सर नापास करणार नाहीत, ज्यांनी हा प्रश्न विचारला ते तर नाहीच.

प्रश्न : आंबा-काजूच्या बागेत कडेने गुळवेल लावलीये. यूट्यूबवर बघितलं की अँटिऑक्सिडंट पॉलिसॅकराइड पावडरला बाहेर चांगला भाव आहे. छोटं युनिट टाकावं म्हणतो. मशीन कुठलं घ्यावं? — बागायतदार, देवगड

दादा, वरचं उत्तर वाचलंत ना? १०० ग्रॅममधून एखाद-दोन ग्रॅम, त्याला अल्कोहोल, एन्झाइम, फ्रीज ड्रायर. हापूसच्या पेटीचं गणित तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं, हे बसतंय का तुम्हीच बघा. मी तरी मशीन घेऊ नका म्हणेन. नीट सुकवलेली, बुरशी नसलेली, योग्य जातीची कांडी ठरलेल्या कारखान्याला देणं यात कमी ताप आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात औषधी वनस्पतींबद्दल एकदा जाऊन विचारून या. पावडर औषध म्हणून विकायची तर आयुर्वेदिक औषध निर्मितीचं लायसन्स लागतं, खायची वस्तू म्हणून विकायची तर अन्न परवाना. आणि पाकिटावर अमुक रोग बरा होतो असं छापलंत तर औषधं आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरचा १९५४ चा कायदा आहे, तो अजून जिवंत आहे. अँटिऑक्सिडंट आकड्याचं सांगू का, अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट आकड्यांची आपली मोठी यादी २०१२ मध्ये वेबसाइटवरून काढून टाकली, कारण टेस्ट ट्यूबमधला आकडा आणि माणसाच्या तब्येतीला होणारा फायदा यांचा मेळ बसत नव्हता आणि कंपन्या तो आकडा डब्यावर छापत सुटल्या होत्या.

प्रश्न : कोविडपासून आम्ही घरात सगळे रोज गुळवेलीचा काढा घेतो. आता कोणी म्हणतं लिव्हर खराब होतं. काढ्यात पॉलिसॅकराइड जास्त येतात म्हणून काढाच चांगला ना? — अलिबाग

गरम पाण्यात पॉलिसॅकराइड जास्त येतात हे खरं, पण त्यांच्याबरोबर वेलीतलं बाकीचं सगळंच येतं. आणि मोठे पॉलिसॅकराइड पोटातून तसेच रक्तात जात नाहीत, बरेचसे मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जिवाणू त्यांना आंबवतात, त्याचा फायदा असेल तर त्या वाटेने. लिव्हरचं म्हणाल तर २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या ६ पेशंटमध्ये लिव्हरला इजा झाल्याचं छापलं. आयुष मंत्रालयाने त्याला हरकत घेतली, त्यांचं म्हणणं असं की गुळवेलीसारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची दुसरी वेल आहे, ओळखण्यात गफलत होते. दोन्ही बाजू काही म्हणोत, वर्षानुवर्षं रोज, तेही न ओळखलेल्या वेलीचा, हे मला पटत नाही. घरात कोणाला काविळीचा किंवा संधिवातासारख्या ऑटोइम्यून आजाराचा इतिहास असेल, किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर आजच बंद करा आणि डॉक्टरांना भेटून स्पष्ट सांगा की आम्ही हे घेत होतो. लोक नेमकं हेच डॉक्टरांपासून लपवतात.

प्रश्न : गुळवेल सोडा, आमच्याकडे खडकांवर तपकिरी शेवाळ भरपूर आहे. त्यातून निघतं का काही? बारावीच्या प्रोजेक्टला हवंय. — मालवण

निघतं की. तपकिरी समुद्रशैवाल, आपल्याकडचं सारगॅसम, त्यात अल्जिनेट आणि फ्युकॉइडन हे दोन पॉलिसॅकराइड असतात. बारावीला अल्जिनेट पुरे. सोडा ॲश घातलेल्या गरम पाण्यात काढ, गाळ, आणि ड्रॉपरने कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात थेंब थेंब सोड, साबुदाण्यासारखे गोळे होतात, परीक्षक खूश. फ्युकॉइडनला अल्जिनेट आधी कॅल्शियमने काढावं लागतं, मग अल्कोहोल, ते कॉलेजला गेल्यावर. अँटिऑक्सिडंट टेस्ट करायच्या भानगडीत पडू नकोस, या शेवाळात फ्लोरोटॅनिन नावाचे फिनॉल असतात आणि चिपळूणच्या ताईचा घोळ इथेही होतो. मालवणच्या किनाऱ्याचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तेव्हा कुठून घेतोस ते आधी शिक्षकांना विचार, आणि ओंजळभरच घे. घरी आणलंस की गोड्या पाण्याने चार वेळा धू, नाहीतर सुकवल्यावर जे वजन येईल त्यातलं निम्मं मीठच असायचं.